कच खाल्ली म्हणणं सोपं आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत पुण्याच्या एका गृहस्थांचं पत्र होतं. विषय होता जिरो, म्हणजे इटलीत तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणारी सायकल शर्यत; सगळ्या टप्प्यांची मिळून वेळ ज्याची कमी तो जिंकला. क्रिकेट सोडून कुणी सायकलीवर पत्र लिहितं आणि आपण ते छापता, याचा आधी आनंद झाला. मजकूर वाचल्यावर तो टिकला नाही. एकवीस वर्षांच्या इसाक डेल तोरोने ऐन वेळी कच खाल्ली, रिचर्ड कारापाझ त्याचं तोंड बघत राहिला आणि सायमन येट्सच्या पदरात शर्यत आयती पडली, असा त्यांचा निष्कर्ष. शेवटी 'हल्लीच्या पोरांत जिगर नाही' हेही होतंच. ते वाक्य कुठल्याही विषयावरच्या पत्राला चालतं, त्यामुळे त्याच्या वाटेला जात नाही. बाकीच्याला मात्र उत्तर द्यायचं आहे.

मी साताऱ्यात औषधाचं दुकान चालवते. वय चोपन्न. दुकान सांभाळून जमेल तशी लांब पल्ल्याची सायकल चालवते, ब्रेव्हे करते. ब्रेव्हे म्हणजे दोनशे, तीनशे किलोमीटर ठरलेल्या वेळेत पुरे करायचे; तिथे पहिला-दुसरा नसतो. शर्यती मी फक्त बघते, पण मन लावून बघते. 31 मे 2025 च्या शनिवारी आयपीएलला सुट्टी होती. शुक्रवारी मुंबईचा एलिमिनेटर झाला होता, पुढचा सामना रविवारी. त्यामुळे घरात टीव्हीवरून कुणाशी भांडावं लागलं नाही, आणि दुकान पोराच्या हवाली करून तो टप्पा सलग बघता आला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी आधी हिशेब मांडते. एकूण वेळेत जो पुढे असतो त्याला गुलाबी जर्सी मिळते; त्या सकाळी ती डेल तोरोच्या अंगावर होती. ती घालणारा तो पहिला मेक्सिकन. इक्वेडोरचा कारापाझ त्याच्या 43 सेकंद मागे, इंग्लंडचा येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. टप्पा वेरेस ते सेस्त्रिएरे, 205 किलोमीटर. दुसऱ्या दिवशीचा रोमचा शेवटचा टप्पा म्हणजे मिरवणूकच, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. आणि मध्ये कोल्ले देल्ले फिनेस्त्रे. हा घाट साडेअठरा किलोमीटर लांब, चढ सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, माथा 2178 मीटरवर, आणि शेवटचा आठेक किलोमीटरचा रस्ता डांबरी नाही, कच्चा. आपल्याकडे एखाद्या घाटात एवढा चढ एखाद्या वळणापुरता लागतो आणि तेवढ्यात आपण उतरून सायकल ढकलायला लागतो. तिथे तासभर तोच.

पायथ्यालाच कारापाझच्या संघाने वेग असा वाढवला की घोळक्याच्या चिंध्या झाल्या. कारापाझ निसटला, डेल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. येट्स जरा मागे पडला, आपल्या लयीत चढत पुन्हा त्यांना येऊन मिळाला, आणि मग त्यानेच उसळी मारायला सुरुवात केली. एकदा मारली, दोघांनी पकडला. पुन्हा मारली. कच्चा रस्ता लागायच्या आधीच तो पुढे गेला होता आणि मागे हे दोघे एकमेकांकडे बघत होते. पुण्याच्या गृहस्थांना जे खुपलं ते हेच. कॅमेराही तेच दाखवत होता: गुलाबी जर्सी मान वळवून मागे बघते, कारापाझ कोपराने 'तू पुढे हो' अशी खूण करतो, कुणीच पुढे होत नाही.

रविवारी आमच्या टपरीवरही तोच वाद झाला. यंदा पाऊस मे संपायच्या आतच येऊन बसला, त्यामुळे लांब जाणं झालंच नाही. पाचवडपर्यंत भिजत गेलो आणि पोहे खात दीड तास भांडलो. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका डेल तोरोच्या विरोधात. "ताई, जर्सी ज्याच्या अंगावर त्याने पाठलाग करायचा. हा नियम आहे." कॉलेजात शिकवणारा एक जण कारापाझवर घसरलेला. त्याचं म्हणणं, दुसऱ्या नंबरवरचा माणूस आपला नंबर जाताना गप्प बसतो, याला काय म्हणायचं? आणि इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे, त्याच्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे वॅट, म्हणजे कोण किती ताकद लावतो त्याचे आकडे, असतात. त्याच्या मते हा वादच फिजूल, येट्स त्या दिवशी सगळ्यांत ताकदवान होता, संपला विषय.

मला तिघांचंही अर्धं अर्धं पटतं, पण पुण्याच्या पत्रातला निवाडा अजिबात पटत नाही. त्याचं कारण त्या दोघांच्या डोक्यात चाललेल्या आकडेमोडीत आहे.

कारापाझच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्हाला गुलाबी जर्सी हवी आहे, ती शेजारच्याच्या अंगावर आहे. तुम्ही येट्सचा पाठलाग करायला पुढे लागलात तर हा तुमच्या मागे बसून दम खाणार आणि वर पोचल्यावर तुमच्याच पुढे निघून जाणार. म्हणजे राबायचं तुम्ही आणि जिरो त्याची. तुमच्या दृष्टीने दुसरा आणि तिसरा यांत फारसा फरक नाही. 2019 ची जिरो तुम्ही जिंकलेली आहे, ऑलिंपिकचं सुवर्ण घरात आहे. आता डेल तोरोच्या जागी या. तुमच्याकडे येट्सवर 81 सेकंद शिल्लक आहेत, कारापाझवर 43 च. धोका कुणाचा जास्त? शेजारच्याचा. तुम्ही पुढे होऊन ओढायला लागलात आणि शेवटच्या तीन किलोमीटरला तो उडाला तर? म्हणून तुम्ही त्याला सोडत नाही. दोघांचंही गणित बरोबर आणि दोघांनाही मिळून शून्य. फायदा तिसऱ्याचा.

यात गंमत अशी, की हा खेळ कारापाझला कुणी शिकवायची गरज नव्हती. 2019 मध्ये कुर्मायरच्या टप्प्यावर तो एकटा निघून गेला तेव्हा मागे स्लोव्हेनियाचा रॉग्लिच आणि इटलीचा निबाली असेच एकमेकांची पाळत ठेवून होते. त्या दिवशी गुलाबी जर्सी कारापाझला मिळाली ती वेरोनाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत त्याच्याच अंगावर राहिली. तेव्हाही टीका झाली ती रॉग्लिच-निबालीवर. तेव्हा ज्या बाकावर तो बसला होता त्याच्या समोरच्या बाकावर आता त्याला बसावं लागलं, इतकंच. रॉग्लिच आणि निबाली यांना कुणी 'हल्लीची पोरं' म्हणणार नाही. निबाली तर तेव्हा चौतिशीत होता आणि इटली, फ्रान्स आणि स्पेनच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकून बसलेला होता. मोठमोठ्यांना सुटलं नाही ते गणित एकविसाव्या वर्षी चुकलं, तर त्याला भित्रा म्हणायचं कशासाठी?

शिवाय भित्रेपणाचा आरोप करायचा तर त्याच आठवड्यातला बोर्मिओचा टप्पा विसरावा लागतो. मंगळवारी सान व्हालेंतिनोच्या चढावर डेल तोरो मागे पडला होता. सगळे म्हणाले, आता हा गळणार, पोरगं आहे. बुधवारी मोर्तिरोलो चढून-उतरून त्याने बोर्मिओत टप्पाच जिंकला. आदल्या दिवशी फटका बसल्यावर दुसऱ्या दिवशी उलट हल्ला करतो तो माणूस तीन दिवसांत घाबरट कसा होतो, हे पत्रलेखकांनी सांगायला हवं.

आता वाऱ्याचं. सगळ्या वादात हा मुद्दा कुणी धड मांडला नाही आणि मला वाटतं खरी शर्यत इथे गेली.

शिरवळकडून साताऱ्याला परतताना खंबाटकी चढलं, वेळे आणि सुरूर मागे टाकलं की उघडा रस्ता लागतो. वारा असेल त्या दिवशी तो छातीवर बसतो. एकटे असाल तर वीसचा वेगसुद्धा टिकत नाही, पाय जड, कानात नुसता घोंघाट. अशात कुणी ताकदवान माणूस पुढे आला आणि त्याच्या मागच्या चाकापासून वीतभरावर तुम्ही आपलं पुढचं चाक ठेवलं, की कानातला घोंघाट एकदम थांबतो. त्याच्या फ्रीव्हीलची टकटक ऐकू यायला लागते. तुमचे पाय तेच, वेग सव्वीस. नजर मात्र त्याच्या हबवरून, म्हणजे चाकाच्या मध्यावरून, हलवायची नाही. त्याने खड्डा चुकवला आणि तुम्हाला दिसला नाही, तर चाकाला चाक लागून दोघे रस्त्यावर. आमच्यातले नवखे लोक दोन हात अंतर ठेवतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही. पडणार कसा?

घाटात हा फायदा जवळजवळ नसतो. येट्स फिनेस्त्रे तासाच्या आत चढला, इतक्या वेगाने तो घाट याआधी कुणी चढलेला नाही. तरी हिशेब केला तर वेग येतो ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर. एवढ्या संथ वेगाला आणि एवढ्या चढाला वाऱ्यापेक्षा वजनाशी झगडा असतो, मागे बसून थोडंच वाचतं. म्हणून तिथे येट्स एकटा असणं त्याला फार महागात पडलं नाही. पण माथा ओलांडल्यावर शर्यत संपत नव्हती. अजून तीसएक किलोमीटर बाकी होते: आधी उतार, मग सेस्त्रिएरेपर्यंत सोळा किलोमीटरचा मवाळ चढ, चार टक्क्यांच्या आतबाहेरचा. अशा रस्त्यावर हे लोक दुचाकीवाल्यालाही लाजवतील अशा वेगाने जातात आणि तिथे मागे बसणाऱ्याचे बरेच कष्ट वाचतात. एकटा माणूस तिथे मरतो.

आणि येट्स तिथे एकटा नव्हता. त्याच्या संघाचा वाउट व्हान आर्ट सकाळीच मुख्य घोळक्याला सोडून पुढे निघालेल्या टोळीत गेला होता. अंगाने दांडगा, सपाटीचा बादशहा, नऊ टक्क्यांच्या घाटात त्याचं काही काम नाही. पण काही मिनिटांची आघाडी घेऊन तो घाटाला लागला, त्यामुळे येट्स माथ्यावर पोचेपर्यंत तो पलीकडे होता, आणि वेग कमी करून वाट बघत होता. येट्स आला, त्याच्या चाकाला लागला आणि व्हान आर्टने त्याला सेस्त्रिएरेच्या दिशेने असा ओढला की मागच्या दोघांचा प्रश्नच मिटला. (सिएनाचा धुळीचा टप्पाही याच व्हान आर्टने डेल तोरोला हरवून जिंकला होता. त्याच दिवशी पोराला गुलाबी जर्सी मिळाली होती.)

आकडे बघा. माथ्यावर येट्सची आघाडी दीड मिनिटाच्या थोडी पुढे होती. म्हणजे डेल तोरोचे 81 सेकंद संपून वर काही सेकंद. तिथवर जिरो गेलेली नव्हती, उतारावर आणि शेवटच्या चढावर परत येण्याजोगी होती. शेवटी अंतर पडलं सव्वापाच मिनिटांचं. म्हणजे घाटात गेलं त्याच्या दुपटीहून जास्त घाट संपल्यावर गेलं. रोममध्ये अंतिम फरक 3 मिनिटं 56 सेकंद. जो वाद सगळे घाटातल्या चेहऱ्यांवरून घालत आहेत, त्यातला मोठा भाग चेहरे दिसेनासे झाल्यावर घडला.

म्हणून माझं म्हणणं असं, की दोष द्यायचाच असेल तर संघाच्या गाडीत बसलेल्यांना द्या. डेल तोरोचा संघ पैशाने आणि माणसांनी या खेळातला सगळ्यांत भारी संघ. गाडीत टीव्ही असतो, कानात वायरलेस असतो. व्हान आर्ट पुढे आहे हे सकाळपासून सगळ्या जगाला दिसत होतं. असा माणूस घाटाच्या पलीकडे उभा असताना येट्सला माथ्यावर मिनिटभर सोडणं म्हणजे तीन-चार मिनिटं सोडणं, हा हिशेब पोराने चढताना करायचा नसतो. चढताना रक्त पायात असतं, डोक्यात नसतं. तो हिशेब बसलेल्या माणसाने करायचा आणि ओरडून सांगायचा: कारापाझचं विसर, गेला तर जाऊ दे, येट्सच्या मागे लाग. कारापाझने 43 सेकंद भरून काढून त्याला हरवलं असतं तरी निदान झुंजीत हरला असता.

त्यात या संघाने पहिले दोन आठवडे आपला कप्तान कोण, आयुसो की डेल तोरो, हे ठरवण्यात घालवले. आयुसो अठराव्या टप्प्याला घरी गेला. येट्सचा जुळा भाऊ ॲडम याच संघात, म्हणजे सख्खा भाऊ समोरच्या संघात शर्यत नेतोय आणि याचे पाय संपलेले. डेल तोरोला त्या शेवटच्या तीस किलोमीटरला आपला व्हान आर्ट हवा होता, तो नव्हता.

आमच्या वॅटवाल्या मुलाचंही थोडं खोडायला हवं. येट्स ताकदवान होताच, पण नुसती ताकद हेच कारण असतं तर त्या तीन आठवड्यांत त्याने एखादा टप्पा जिंकला असता. एकही जिंकला नाही. यावरूनही काही जण त्याला 'न शोभणारा विजेता' म्हणत आहेत. ब्रिटनच्या फ्रूमने 2017 ची टूर द फ्रान्स एकही टप्पा न जिंकता घेतली, अमेरिकेच्या लेमाँडने 1990 ची. ही शर्यत घड्याळाची आहे. साडेब्याऐंशी तास सायकल चालवून ज्याची बेरीज कमी तो जिंकला. मुंबई-पुणे शर्यत बघणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजावं लागू नये. बोरघाटात पहिला येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, पुण्यात पहिला तोच येतो असं कुठे आहे? ता. क. म्हणून नव्हे, आताच सांगते: शनिवारचा टप्पा जिंकला सकाळच्या पुढच्या टोळीतल्या ऑस्ट्रेलियाच्या क्रिस हार्परने. पोहे संपले तरी त्याचं नाव कुणी काढलं नाही.

दुसरं टोक म्हणजे नियतीवाले. 2018 मध्ये याच फिनेस्त्रेवर येट्स गुलाबी जर्सीत फुटला. फ्रूम ऐंशी किलोमीटर आधी सुटला आणि येट्सची त्या एका दिवसात अडतीस मिनिटं गेली. सात वर्षांनी त्याच डोंगराने परतफेड केली, असं सगळीकडे लिहून आलं. चित्र सुंदर आहे, नाकारत नाही. तो शेवटी हेल्मेटखाली रडत होता तेव्हा माझेही डोळे भरले. पण 2018 चा येट्स पहिल्या दोन आठवड्यांत टप्प्यामागून टप्पे जिंकत, सेकंदासेकंदासाठी उधळत राहिला होता. 2025 चा येट्स तीन आठवडे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा मागे बसून होता. इतका, की आमच्या टपरीवर त्याच्यावर पैज लावायला कुणी तयार नव्हतं. डोंगर तोच, येट्स दुसरा.

बँकेतल्या काकांनी या पत्राचा कच्चा खर्डा वाचला आणि एक रास्त प्रश्न विचारला: समज, डेल तोरोने येट्सची प्रत्येक उसळी पकडली असती, तर? त्याला उत्तर 2022 चं आहे. टूर द फ्रान्समध्ये गालिबिए घाटावर रॉग्लिच आणि विंगेगार्ड एका संघातले दोघे आळीपाळीने हल्ले करत होते आणि पोगाचार एकटा प्रत्येकाच्या मागे धावत होता. सगळे म्हणत होते, बघा, काय जिगर! पुढच्याच घाटात, ग्रानोंवर, तो असा फुटला की जवळपास तीन मिनिटं गेली आणि टूरमधली आघाडीची पिवळी जर्सीही. जिगर दाखवून ज्याची ही गत झाली, तो पोगाचार आज डेल तोरोच्याच संघाचा सर्वांत मोठा खेळाडू आहे. काका म्हणाले, "म्हणजे धावला तरी मेला, थांबला तरी मेला." मी म्हटलं, मधला रस्ता होता, एकदाच आणि योग्य वेळी धावायचा, आणि ती वेळ गाडीतून सांगायची होती. यावर ते अजून राजी नाहीत.

शेवटी एक मागणी. 2025 ची टूर द फ्रान्स 5 जुलैला लील शहरातून सुरू होते आहे. आपल्या क्रीडा पानावर विजेत्याचं नाव आणि फोटो येईलच. त्यासोबत पहिल्या पाचांमधलं वेळेचं अंतर, प्रत्येकाचा संघ आणि त्या दिवशी पुढच्या टोळीत कोण होतं एवढ्या तीन ओळी रोज छापा. जागा नसेल तर माझं हे पत्र निम्मं करा, हरकत नाही. पण व्हान आर्टचा परिच्छेद कापू नका.

आपली,
एक औषधविक्रेती, सातारा